मालकीकडून वर्गणीकडे : तंत्रज्ञान कंपन्या आणि क्लाउड सेवा

१९८० नंतरची सुमारे पंचवीस वर्षे संगणक उद्योग प्रामुख्याने दोन गोष्टी विकत होता : यंत्रे आणि त्या यंत्रांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवाने. ग्राहक एकदाच मोठी रक्कम मोजत असे, माल त्याच्या कार्यालयात येऊन दाखल होत असे आणि त्यापुढे जागा, वीज, वातानुकूलन, दुरुस्ती व देखभाल हे सारे त्याचे त्यालाच पाहावे लागे. २००६ नंतर या व्यवहाराचे स्वरूप पालटू लागले. संगणनाची क्षमता, माहिती साठवण्याची जागा आणि तयार सॉफ्टवेअर या तिन्ही गोष्टी इंटरनेटवरून, लागतील तेव्हा आणि लागतील तेवढ्याच पुरवून त्यांचे वापरानुसार देयक आकारण्याची पद्धत रूढ झाली. हिलाच क्लाउड संगणन म्हणतात. या बदलाकडे बहुधा तंत्रज्ञानातील प्रगती म्हणून पाहिले जाते. परंतु या व्यवसायात उतरलेल्या कंपन्यांचा इतिहास तपासला, तर आवश्यक तंत्रज्ञान त्यांपैकी बहुतेकींच्या हाताशी होते आणि खरा कस लागला तो कमाईची जुनी घडी मोडण्याच्या तयारीचा, असे दिसून येते. ज्यांनी स्वतःचे चालते उत्पन्न धोक्यात घातले त्या टिकल्या; ज्यांनी क्लाउड ही आपल्या मालाच्या यादीतील आणखी एक वस्तू मानली, त्यांपैकी अनेकींना काही वर्षांतच काढता पाय घ्यावा लागला.

संकल्पना आणि तिचे तीन थर

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लाउड संगणनाची व्याख्या आज सर्वत्र प्रमाण मानली जाते. तिच्यात या सेवेची पाच लक्षणे दिली आहेत : विक्रेत्याच्या माणसाची मध्यस्थी न लागता ग्राहकाला स्वतःच सेवा सुरू वा बंद करता येणे, ती नेटवर्कवरून निरनिराळ्या साधनांनी वापरता येणे, एकच साधनसामग्री अनेक ग्राहकांत वाटली जाणे, मागणीप्रमाणे क्षमता झटपट वाढवता वा घटवता येणे आणि प्रत्यक्ष वापराचे मोजमाप होणे. यांतील शेवटची दोन लक्षणे आर्थिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची आहेत, कारण त्यांच्यामुळे वर्षातील सर्वाधिक गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधून तेवढी यंत्रे आधीच विकत घेऊन ठेवण्याची ग्राहकाची गरज संपते.

याच व्याख्येत सेवेचे तीन थर सांगितले आहेत. सर्वांत खालच्या थरात ग्राहकाला केवळ कोरा सर्व्हर, साठवणुकीची जागा आणि नेटवर्क मिळते आणि त्यावर कोणती प्रणाली चालवायची हे तो ठरवतो. याला पायाभूत सुविधांची सेवा म्हणतात. मधल्या थरात कार्यप्रणाली, डेटाबेस आणि प्रोग्रॅम चालवण्याची यंत्रणा तयार असते, ग्राहकाने फक्त आपला प्रोग्रॅम लिहून तिच्यावर चढवायचा असतो. ही मंचसेवा होय. सर्वांत वरच्या थरात हिशेब, ईमेल किंवा ग्राहकनोंदी यांचे तयार सॉफ्टवेअरच ब्राउझरमधून वापरायला मिळते. थर जितका वरचा, तितकी ग्राहकाची दगदग कमी होते, आणि तितकेच त्याचे विक्रेत्यावरील अवलंबित्व वाढते. क्लाउडच्या पुढील साऱ्या व्यवहारात ही देवघेव पुन्हा पुन्हा आढळते.

या सेवेमागे जमिनीवर उभ्या असलेल्या अवाढव्य इमारती असतात. हजारो सर्व्हर, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा आणि वीज गेल्यास चालणारे जनित्रसंच असलेल्या अशा इमारतीला डेटा सेंटर म्हणतात. एकमेकींपासून काही अंतरावर असलेल्या आणि स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या अशा इमारतींचा एका महानगराच्या परिसरातील समूह म्हणजे रीजन. एक इमारत बंद पडली तरी दुसरीने काम चालू ठेवावे, हा त्यामागचा हेतू असतो.

जुनी कल्पना, उशिरा आलेली साधने

संगणन हे टेलिफोनसारखी एक सार्वजनिक सेवा बनू शकेल, असे भाकीत संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या शताब्दी समारंभातील भाषणात केले होते. त्याच वर्षी त्याच संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत क्षणाक्षणाने वाटून देणारी प्रणाली दाखवली. या कालविभाजन पद्धतीवर पुढील दशकात अमेरिकेत चांगला व्यवसाय उभा राहिला; कंपन्या टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी जोडल्या जात आणि वापरलेल्या वेळाचे पैसे देत. मायक्रोप्रोसेसरमुळे संगणक टेबलावर मावू लागला आणि स्वस्त झाला, तेव्हा दूरच्या यंत्राचा वेळ विकत घेण्यात हशील उरले नाही आणि तो व्यवसाय आटला.

कल्पना पुन्हा जिवंत होण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली म्हणजे १९९० च्या दशकाअखेर पसरलेले जलद इंटरनेट. दुसरी म्हणजे आभासीकरण, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरच्या साह्याने अनेक आभासी यंत्रे निर्माण करणे, जी एकमेकांना दिसत नाहीत आणि ज्यांतील प्रत्येकावर वेगळी कार्यप्रणाली चालू शकते. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी हे तंत्र १९७२ मध्येच बाजारात आणले होते, पण स्वस्त सर्व्हरमधील इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरची रचना त्याला अनुकूल नव्हती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती अडचण सोडवली, आणि २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी झेन हे त्याच प्रकारचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन ग्राहकांना एकाच यंत्रावर, एकमेकांचा सुगावाही न लागता, ठेवणे आता शक्य झाले.

सॉफ्टवेअर विकण्याऐवजी वर्गणीवर देण्याचा प्रयोग त्याआधीच सुरू झाला होता. ओरॅकल कंपनीतून बाहेर पडलेले मार्क बेनिऑफ यांनी १९९९ मध्ये सेल्सफोर्सची स्थापना केली आणि विक्री विभागाला लागणाऱ्या ग्राहकनोंदींचे सॉफ्टवेअर दरमहा वर्गणीवर ब्राउझरमधून द्यायला सुरुवात केली. नव्या कंपनीला हे सोपे होते, कारण तिला सांभाळावे असे जुने उत्पन्नच नव्हते.

दुकानदाराला सुचलेला धंदा

पायाभूत सुविधांची सेवा मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याचा मान आयबीएम, सन मायक्रोसिस्टिम्स किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे न जाता इंटरनेटवरून पुस्तके विकणाऱ्या ॲमेझॉनकडे गेला. नाताळच्या खरेदीसाठी घेतलेले सर्व्हर उरलेले वर्षभर रिकामे पडून राहत आणि ते भाड्याने देण्यातून हा व्यवसाय उभा राहिला, अशी एक आख्यायिका प्रचलित आहे. कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी वर्नर व्होगेल्स यांनी ती जाहीरपणे नाकारली आहे, आणि ती तर्कालाही धरून नाही. कारण तसे असते तर ऐन डिसेंबरात ग्राहकांकडून यंत्रे काढून घ्यावी लागली असती.

खरे कारण कंपनीच्या अंतर्गत अडचणीत होते. ॲमेझॉनमधील प्रत्येक गट नवा उपक्रम हाती घेताना साठवणूक, डेटाबेस, सर्व्हर यांची तीच ती पायाभूत जुळणी नव्याने करत बसे आणि त्यात महिनोन्‌महिने जात. ही जुळणी एकदाच करून ती ठरावीक जोडणीसूत्रांमधून सर्व गटांना उपलब्ध करावी, असा विचार पुढे आला. अशा जोडणीसूत्राला एपीआय म्हणतात. एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडून ठरलेल्या भाषेत काम करून घेण्याची ती सोय असते. ख्रिस पिंकहॅम आणि बेंजामिन ब्लॅक या अभियंत्यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या टिपणात अशी यंत्रणा बाहेरच्यांनाही विकता येईल, असे सुचवले होते. जी गोष्ट आतल्या गटांना परस्पर, विनंतीअर्ज न करता वापरता येते, ती परक्यांना विकण्यासाठी फक्त मोजमाप आणि देयक यांचीच भर घालायची उरते. अँडी जॅसी यांच्या नेतृत्वाखाली हा विभाग उभा राहिला. १४ मार्च २००६ रोजी साठवणुकीची एस-थ्री ही सेवा दरमहा एका गिगाबाइटला १५ सेंट या दराने सुरू झाली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू ही आभासी सर्व्हरची सेवा तासाला १० सेंट दराने मर्यादित ग्राहकांसाठी खुली झाली. ईसी-टू मोठ्या अंशी दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे पिंकहॅम यांच्या छोट्या गटाने तयार केली होती आणि ती झेनवर आधारलेली होती.

दरपत्रक सर्वांसाठी सारखे आणि उघड होते, किमान कराराची अट नव्हती आणि क्रेडिट कार्ड असलेल्या कोणालाही काही मिनिटांत सर्व्हर मिळू शकत होता. सर्व्हर आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या प्रस्थापित कंपन्यांना हा धंदा किरकोळ वाटला, आणि त्यांच्या हिशेबाने तो तसा होताही. सॉफ्टवेअरच्या परवान्यावर मिळणारे नफ्याचे प्रमाण प्रचंड होते. त्याच्या तुलनेत यंत्रे घ्यायची, इमारती बांधायच्या आणि तासाला काही सेंट मिळवायचे, हा उलटा प्रवास वाटावा असाच होता. किरकोळ विक्रीतल्या तुटपुंज्या नफ्यावर वाढलेल्या ॲमेझॉनला मात्र तोच नफा घसघशीत वाटला. २०१५ च्या पहिल्या तिमाहीचे निकाल जाहीर करताना कंपनीने या विभागाचे आकडे प्रथमच स्वतंत्रपणे दिले, तेव्हा तिमाहीची विक्री सुमारे १.५७ अब्ज डॉलर आणि कार्यकारी नफा २६.५ कोटी डॉलर असल्याचे उघड झाले. २०२४ मध्ये याच विभागाची विक्री १०७.६ अब्ज डॉलरवर गेली होती. ती ॲमेझॉनच्या एकूण विक्रीच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढी असली, तरी कंपनीच्या ६८.६ अब्ज डॉलर कार्यकारी नफ्यापैकी ३९.८ अब्ज डॉलर या विभागाने मिळवून दिले. जॅसी २०२१ मध्ये संपूर्ण कंपनीचे प्रमुख झाले.

स्वतःच्या उत्पन्नाशी स्पर्धा

मायक्रोसॉफ्टपुढील पेच याच्या नेमका उलट होता. विंडोज आणि ऑफिस यांच्या परवान्यांवर कंपनीची सारी श्रीमंती उभी होती, आणि क्लाउडमधील प्रत्येक नवा ग्राहक हा परवान्याचा एक संभाव्य ग्राहक कमी करणारा होता. धोक्याची जाणीव कंपनीला नव्हती असे नाही. इंटरनेटवरून मिळणाऱ्या सेवा जुन्या व्यवसायाची उलथापालथ करतील, असा इशारा कंपनीतील वरिष्ठ अधिकारी रे ऑझी यांनी ऑक्टोबर २००५ मधील आपल्या दीर्घ टिपणात दिला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये विंडोज अझ्युरची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये ती सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. परंतु आरंभी ती केवळ मंचसेवा होती. ग्राहकाने आपला प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टच्या चौकटीत बसवून नव्याने लिहावा, अशी तिची अपेक्षा होती. चालू असलेले जुने काम उचलून जसेच्या तसे हलवू पाहणाऱ्या कंपन्यांना ती सोयीची नव्हती. साधे आभासी सर्व्हर, आणि तेही प्रतिस्पर्धी लिनक्स प्रणाली चालवणारे, अझ्युरवर सर्वांना मिळू लागण्यास २०१३ उजाडले.

सर्व्हर विभागाचे आणि नंतर फेब्रुवारी २०१४ पासून संपूर्ण कंपनीचे प्रमुख झालेले, मूळचे हैदराबादचे सत्या नडेला यांनी या बदलाला वेग दिला. सेवेच्या नावातील विंडोज हा शब्द त्याच वर्षी गळाला आणि एकेकाळी कंपनीने शत्रू मानलेल्या लिनक्सशी तिने जाहीर मैत्री केली. त्याहून कमी दिसणारा, पण तितकाच महत्त्वाचा बदल विक्री विभागात झाला. परवाना विकणाऱ्या माणसाचे काम सही झाली की संपत असे. क्लाउडमध्ये मात्र सही झाल्यावर ग्राहक सेवा वापरतो किती यावर उत्पन्न ठरते, म्हणून विक्री कर्मचाऱ्यांचा मोबदला हळूहळू ग्राहकाच्या प्रत्यक्ष वापराशी जोडला गेला. मायक्रोसॉफ्टकडे एक मोठे बलस्थानही होते : जगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांशी तिचे करार आधीपासूनच होते आणि २०११ मध्ये आलेल्या ऑफिस ३६५ मुळे त्या कंपन्यांच्या ईमेलपासूनच स्थलांतराला आरंभ करता आला. जून २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अझ्युरचे उत्पन्न ७५ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचे कंपनीने जाहीर केले.

जुन्या उत्पन्नावर पाणी सोडण्याचा अर्थ आकड्यांत पाहायचा असेल, तर अडोबी या कंपनीचे उदाहरण अधिक बोलके आहे. फोटोशॉप, इलस्ट्रेटर अशी चित्रण व मांडणीची सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी आपला सर्वांत मोठा संच सुमारे २,६०० डॉलरना विकत असे. मे २०१३ मध्ये तिने जाहीर केले, की यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही. ती केवळ वर्गणीवर, पूर्ण संचासाठी महिन्याला सुमारे ५० डॉलर दराने मिळेल. ग्राहकांत संतापाची लाट उसळली आणि निषेधाच्या याचिकाही निघाल्या. हिशेबाच्या बाजूने पाहिले, तर आजवर विक्रीच्या दिवशीच जमा होणारी रक्कम आता कित्येक वर्षांत थेंबाथेंबाने येणार होती, तर पगार आणि संशोधनाचा खर्च होता तसाच राहणार होता. परिणाम ठरल्याप्रमाणे झाला : अडोबीचे उत्पन्न २०१२ मधील ४.४० अब्ज डॉलरवरून २०१३ मध्ये ४.०६ अब्ज डॉलरपर्यंत घसरले आणि निव्वळ नफा सुमारे ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर आला. ही घसरण भागधारकांना आधीच समजावून सांगण्याचे काम कंपनीचे प्रमुख शंतनू नारायण यांनी केले होते, म्हणून ती पचली. २०२४ मध्ये अडोबीचे उत्पन्न २१.५ अब्ज डॉलर झाले. येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा : फोटोशॉप आजही मुख्यतः ग्राहकाच्याच संगणकावर चालते, क्लाउडमध्ये गेले ते परवान्याची तपासणी, फायलींची साठवणूक आणि काही जोडसेवा. म्हणजे क्लाउडच्या नावाने झालेल्या बदलांपैकी काही बदल तांत्रिक कमी आणि व्यापारी अधिक होते.

उशिरा आलेले आणि परत गेलेले

तंत्रज्ञान हाच निर्णायक घटक असता, तर या व्यवसायात गूगल सर्वांच्या पुढे असती. हजारो स्वस्त सर्व्हर एकाच यंत्रासारखे चालवण्याची विद्या गूगलने स्वतःच्या शोधसेवेसाठी विकसित केली होती आणि तिच्यावरील शोधनिबंध २००३ पासून प्रसिद्धही केले होते. परंतु २००८ मध्ये आलेली तिची ॲप इंजिन ही सेवा अझ्युरप्रमाणेच ग्राहकाला आपल्या चौकटीत बसवू पाहणारी होती, आणि साधे आभासी सर्व्हर देण्याची घोषणा व्हायला २०१२ उजाडले. जाहिरातींवर जगणाऱ्या या कंपनीला बँका आणि कारखान्यांच्या अधिकाऱ्यांना वर्षानुवर्षे धीराने सेवा देण्याची सवय नव्हती. प्रथम व्हीएमवेअरच्या सहसंस्थापक डायन ग्रीन आणि २०१९ पासून ओरॅकलमधून आलेले, मूळचे केरळचे थॉमस कुरियन यांच्याकडे या विभागाची सूत्रे दिल्यावर चित्र बदलले; तरीही विभागाने तिमाहीत पहिला नफा दाखवला तो २०२३ मध्ये.

ओरॅकलचे लॅरी एलिसन यांनी २००८ मध्ये क्लाउड या संज्ञेची जाहीर टिंगल केली होती आणि संगणक उद्योग फॅशनच्या मागे धावतो, असे म्हटले होते. कंपनीने पुढे स्वतःची क्लाउड सेवा उभारली, आणि २०२३ पासून तर आपला डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या व त्यानंतर गूगल आणि ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये बसवण्याचे करार केले. आयबीएमने २०१३ मध्ये सॉफ्टलेअर विकत घेऊन थेट स्पर्धेत उतरून पाहिले. ते जमेना तेव्हा २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलर देऊन रेड हॅट ताब्यात घेतली आणि ग्राहकाचे स्वतःचे डेटा सेंटर व निरनिराळ्या कंपन्यांचे क्लाउड यांना जोडणाऱ्या मिश्र पद्धतीवर भर दिला. ग्राहकांच्या यंत्रणा सांभाळण्याचा आपला जुना व्यवसाय तिने २०२१ मध्ये किंड्रिल या नावाने वेगळा काढला.

माघार घेणाऱ्यांची यादीही मोठी आहे. एचपीची सार्वजनिक क्लाउड सेवा जानेवारी २०१६ मध्ये बंद झाली, सिस्कोने आपला इंटरक्लाउड २०१७ मध्ये गुंडाळला, आणि व्हेरायझन व व्हीएमवेअर यांनी त्याच वर्षी आपापले क्लाउड व्यवसाय इतरांना विकले. या कंपन्यांच्या अपयशामागे समान कारणे होती. हा व्यवसाय दरवर्षी अब्जावधी डॉलर जमिनीत, इमारतींत आणि यंत्रांत ओतल्याशिवाय चालत नाही, आणि तेवढी रक्कम गुंतवण्यास त्यांचे संचालक तयार नव्हते. शिवाय सर्व्हर किंवा नेटवर्कची उपकरणे विकणारी कंपनी क्लाउड सुरू करते, तेव्हा ती आपल्याच गिऱ्हाइकांची प्रतिस्पर्धी बनते. दुसरीकडे मोठ्या क्लाउड कंपन्यांनी सर्व्हरचे आराखडे स्वतः करून ते तैवानी उत्पादकांकडून थेट बनवून घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे नामांकित सर्व्हर कंपन्यांचा बाजार दोन्ही बाजूंनी आकसला. एचपीपासून वेगळ्या झालेल्या एचपी एंटरप्राइझने अखेर यातून मधला मार्ग काढला : सर्व्हर ग्राहकाच्याच इमारतीत ठेवायचा, पण पैसे वापरानुसार घ्यायचे. म्हणजे क्लाउडमधून माघार घेतलेल्या कंपनीलाही त्याची देयकपद्धत नाकारता आली नाही.

भारतातील वाटचाल आणि महाराष्ट्राचे स्थान

परदेशी क्लाउड कंपन्यांनी भारतात स्वतःची केंद्रे उभारण्यास २०१५ पासून सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी पुणे, चेन्नई आणि मुंबई येथे आपले रीजन सुरू केले, ॲमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आणि गूगलचे २०१७ मध्ये सुरू झाले. तिन्ही कंपन्यांनी मुंबई परिसर निवडला याची कारणे भौगोलिक आणि व्यापारी दोन्ही आहेत. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलपैकी अनेक केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, आणि सर्वांत मोठे संभाव्य ग्राहक असलेल्या बँका, विमा कंपन्या आणि शेअर बाजार याच शहरात आहेत. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एकेकाळी रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखान्यांची वस्ती होती, तेथे आज डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने देशातील पेमेंट व्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला, तेव्हा स्थानिक केंद्रांची निकड आणखी वाढली. शासकीय कामासाठी केंद्र सरकारने मेघराज हा स्वतंत्र उपक्रम त्याआधीच हाती घेतला होता.

या बदलाचा परिणाम भारतीय माहिती तंत्रज्ञान सेवा कंपन्यांवर दुहेरी झाला. परदेशी ग्राहकांचे सर्व्हर दुरून सांभाळणे, हा त्यांच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग होता आणि ते सर्व्हरच नाहीसे होऊ लागले. पण जुनी यंत्रणा उचलून क्लाउडमध्ये नेण्याचे नवे आणि किचकट काम त्यांच्या वाट्याला आले. स्वतःचे उत्पादन असलेल्या कंपन्यांनी दोन वेगळे मार्ग निवडले. २००८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ड्रुवाने डेटाची सुरक्षित प्रत जपण्याची आपली सेवा ॲमेझॉनच्या क्लाउडवर उभारली आणि त्यामुळे स्वतः एकही डेटा सेंटर न बांधता जगभर ग्राहक मिळवले. याउलट चेन्नईच्या झोहोने वर्गणीवरील सॉफ्टवेअर विकताना सर्व्हर मात्र स्वतःचेच ठेवण्याचे धोरण पाळले. पहिल्या मार्गात वेग आहे, दुसऱ्यात स्वायत्तता आहे, आणि दोन्ही कंपन्या टिकून आहेत.

ग्राहकाचा जमाखर्च

ग्राहकाला क्लाउडकडे नेणारे कारण नेहमीच स्वस्ताई असते असे नाही. ऑगस्ट २००८ मध्ये नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधील डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर कंपनीने ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये स्थलांतर सुरू केले आणि ते जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले; पुढे चित्रपटांच्या व्यवसायात ॲमेझॉन स्वतःच तिची प्रतिस्पर्धी झाली, तरी ते नाते तुटले नाही. उलट दिशेचे उदाहरण ड्रॉपबॉक्सचे आहे. फायली साठवणे हाच जिचा व्यवसाय आणि जिची मागणी स्थिर व प्रचंड, अशा या कंपनीने आपला बहुतेक साठा ॲमेझॉनकडून काढून स्वतःच्या यंत्रांवर नेला आणि दोन वर्षांत सुमारे ७.४६ कोटी डॉलर वाचवल्याचे नोंदवले. यावरून निघणारा नियम साधा आहे : मागणी चढती-उतरती आणि अनिश्चित असेल तर भाडे परवडते, ती सपाट आणि प्रचंड असेल तर मालकी परवडते.

मॅकार्थी यांनी मांडलेली सार्वजनिक सेवेची कल्पना येथे अपुरी पडते. विजेचे युनिट कोणत्याही केंद्रातून आले तरी सारखेच असते, त्यामुळे ग्राहकाला पुरवठादार बदलताना मागे काही ठेवून जावे लागत नाही. क्लाउडमध्ये ग्राहकाची माहिती पुरवठादाराकडे साठत जाते, त्याचे प्रोग्रॅम त्या पुरवठादाराच्या खास सेवांना बांधले जातात, आणि माहिती आत नेणे फुकट असले तरी बाहेर काढण्याचे शुल्क आकारले जात आले आहे. युरोपीय संघाच्या डेटा कायद्याच्या दबावामुळे गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ च्या आरंभी सेवा सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केले. परंतु प्रोग्रॅम नव्याने लिहिण्याचा खर्च कोणताही कायदा माफ करू शकत नाही.

काही मोजक्या कंपन्यांवर साऱ्यांचा भार पडला, की बिघाडही सार्वत्रिक होतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका अभियंत्याने आज्ञा टाइप करताना केलेल्या चुकीमुळे अपेक्षेपेक्षा अधिक सर्व्हर बंद झाले आणि असंख्य संकेतस्थळे सुमारे चार तास कोलमडली. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांनी आपल्या माहितीची दुसरी प्रतही त्याच आवारात ठेवली होती त्यांची माहिती कायमची गेली. धोका केवळ तांत्रिकही नसतो. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याचा कोणताही भंग न करता, पैसे भरलेले असतानाही, भारतातील एका मोठ्या उद्योगाचे ईमेल परदेशी निर्णयाने बंद पडू शकते, हे या घटनेने दाखवून दिले.

या व्यवसायाची किंमत समाजही मोजत असतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण विजेच्या वापराचा हा सुमारे दीड टक्का आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली चालवण्यासाठी लागणाऱ्या क्षमतेमुळे हे प्रमाण वाढत आहे, आणि ती क्षमता उभारण्याची आर्थिक ताकद मुख्यतः त्याच मोजक्या क्लाउड कंपन्यांकडे आहे.

क्लाउडकडे झालेले हे संक्रमण आता मागे फिरण्याजोगे राहिलेले नाही, आणि लहान उद्योगाला मोठ्या उद्योगाच्या तोडीची संगणनक्षमता पहिल्याच दिवशी मिळवून देणे, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र विक्रेत्याने मालकी आपल्याकडे ठेवून केवळ वापराचा हक्क विकायला सुरुवात केली, तेव्हा करार संपण्याची किंवा बिघडण्याची जोखीम ग्राहकाकडे आली. म्हणून कोणत्याही बँकेने, रुग्णालयाने, विद्यापीठाने वा शासकीय खात्याने क्लाउडचा करार करताना दराची घासाघीस करण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात : माहितीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आणि शक्यतो दुसऱ्या पुरवठादाराकडे कशी राहील, करार सोडताना ती माहिती कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळेल, आणि वाद उद्भवल्यास कोणत्या देशाचा कायदा लागू होईल. सेवा सुरू करायला काही मिनिटे पुरतात. ती सोडण्याची तयारी मात्र पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.